घुबडनाळेचा माग

रेवती नवलेच्या गुडघ्यांबद्दल तालुक्यात दोन मतं होती. नकाशाचं म्हणणं होतं, ते बरे झाले आहेत. गुडघ्यांचं म्हणणं निराळं होतं. पण ते पहाटे पलंगावरून उतरताना फक्त रेवतीला कळायचं, आणि गेले तीन आठवडे तिने ते कुणाला, अगदी नवऱ्यालाही, कळू दिलं नव्हतं.

रविवारची सकाळ होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तालुक्यातल्या अकरा गिर्यारोहण आणि सायकल मंडळांची बैठक भरली होती. विषय एकच, नकाशा कोणता घ्यायचा. गेल्या वर्षी एकाच डोंगरावर तीन मंडळांचे तीन गट तीन वेगवेगळे नकाशे घेऊन गेले आणि तीन दिशांना चुकले. तेव्हा विमा कंपनीने निक्षून सांगितलं, यापुढे सगळे मिळून एकच नकाशा ठरवा, मोहिमा त्याच्यावरच आखा, नाहीतर विमा विसरा. एरवी या अकरा मंडळांचं चहात आलं घालावं की वेलदोडा यावरही एकमत झालं नसतं.

समितीत रेवतीच्या शब्दाला वजन होतं. अठ्ठावीस वर्षं ती पशुधन पर्यवेक्षक होती. शेळ्यांना लस टोचायची म्हणून डोंगरातली एक वाडी तिने सोडली नव्हती. निवृत्तीनंतर पायपीट मंडळाच्या सगळ्या वाटा तीच आखायची, आणि तिने आखलेल्या वाटेवर आजवर कुणाच्या पायात काटा मोडला असेल तेवढाच.

निवड दोन नकाशांवर येऊन ठेपली होती. पहिला साधा, हौशी लोकांनी काढलेला. उंचीच्या रेषा, ओढे, पायवाटा, पाण्याच्या जागा. दुसरा पाऊलनकाशा. तो समजावून द्यायला कंपनीची अनुजा कासार नावाची मुलगी आली होती. तिशीच्या आतली, बोलायला गोड आणि कामाला चोख.

"साधा नकाशा जमीन मोजतो," ती सांगत होती, "आमचा नकाशा चालणारा माणूस मोजतो." दोन्ही घोट्यांना एकेक पट्टी बांधायची. पाऊल टेकताना धक्का किती बसला, घोटा किती कलला, नाडी कुठे धावली, घाम कुठे फुटला, श्वास कुठे रोखला गेला, हे सगळं पट्टी टिपते. एका माणसाच्या एका चालण्याची ही नोंद म्हणजे एक माग. असे हजारो माग एकावर एक रचले, की डोंगर किती उंच आहे एवढंच नाही, तो कुठे दमवतो आणि कुठे घाबरवतो तेही दिसू लागतं. मग नवा माणूस आला की त्याचं वय, त्याचं हृदय, त्याचे गुडघे या मागांशी ताडून नकाशा त्याला झेपेल ती वाट देतो. फोन काढून बघायचीही गरज नाही. डावीकडे वळायचं असेल तर डावा घोटा थरथरतो, उजवीकडे असेल तर उजवा, सरळ असेल तर आळीपाळीने दोन्ही. वाट माहीत नसेल तर दोन्ही गप्प राहतात. गप्प झाले की थांबायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं, हे सध्या चाचणीसाठी पट्ट्या वापरणाऱ्या सगळ्या मंडळांना घोकून घोकून शिकवलेलं होतं.

समितीचे अध्यक्ष वाघचौरे सर गणिताचे निवृत्त शिक्षक आणि पक्के सायकलवाले. ते म्हणाले, "अहो, नकाशाने मला नदी कुठं आहे ते सांगावं. माझं काळीज कुठं आहे ते मला ठाऊक आहे."

सगळे हसले. अनुजाही हसली. "सर, कुणी खोटा माग घातला तर काय, हा प्रश्न मात्र आम्हालाही पडला होता. सुरुवातीला रिसॉर्टवाले आपलीच धट्टीकट्टी माणसं चालवून आपल्या दारावरची वाट सोपी ठरवून घ्यायचे. म्हणून प्रत्येक चालणाऱ्याला शंभरपैकी भरवसा दिला जातो. तुमच्या मागावरून पुढे गेलेल्यांना तुमच्यासारखाच अनुभव आला, तर तुमचा भरवसा वाढतो. आडवाटेवर फार माग नसतात, तिथे भरवशाच्या माणसाचा एक मागही पुरतो. आणि या तालुक्यात सर्वांत जास्त भरवसा कुणाचा आहे माहीत आहे? सत्त्याण्णव. रेवतीताईंचा!"

टाळ्या पडल्या. रेवतीने कपात बघितलं.

"आत्ता चालू असलेलंच दाखवते," असं म्हणून अनुजाने पडद्यावर घोटणवाडीचा डोंगर आणला. माथ्यावर नऊ ठिपके होते. तो पायपीट मंडळाचा ज्येष्ठांचा गट, आणि पुढचा ठिपका रेवतीचा नवरा शिरीष. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला हेड मेकॅनिक, वय बासष्ट, हृदयात दोन स्टेंट. पहाटे पाचला तो शीळ घालत घरातून निघाला होता. सरळ चढायचं, माथ्यावरचं देऊळ बघायचं आणि मागच्या बाजूने गुरांच्या लांबच्या पण मऊ वाटेने उतरायचं, असा बेत रेवतीनेच आखून दिला होता.

पडद्यावर ठिपक्यांच्या पुढे हिरवी रेघ होती. ती गुरांच्या वाटेला जात नव्हती. ती उजवीकडे वळून घुबडनाळेत शिरत होती.

"ही रेघ चुकली आहे," रेवती म्हणाली.

"चुकलेली नाही, ताई. नकाशाने सकाळी बदलली. गुरांच्या वाटेवर परवा दोघे जण घसरलेले दिसले, चिखल झाला असेल. म्हणून त्याने जवळची सोपी वाट सुचवली, आणि शिरीषकाकांनी माथ्यावर पोचायच्या आधीच ती स्वीकारली." अनुजाचा चेहरा उजळला होता. "गंमत म्हणजे ती तुमच्याच मागावरून निघाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघ्यांचा जुना त्रास, आणि घुबडनाळ अडतीस मिनिटांत उतरली. एकदाही श्वास रोखला नाही! ज्येष्ठांसाठी यापेक्षा चांगला माग कुठला?"

रेवतीने कप बशीत ठेवून दिला. घुबडनाळ ती उतरलीच नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी ती रेकीला, म्हणजे वाट आधी बघून यायला, गेली होती. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली उभी घळ, आणि घुबडनाळ त्यातलीही हट्टी. तोंडापासून थोडंच खाली दोन पुरुष उंचीचा गुळगुळीत टप्पा. दोराशिवाय तिथून घसरून उतरता येतं, पण परत वर चढता येत नाही. नाळेच्या तोंडाशी पोचेपर्यंतच रेवतीचा उजवा गुडघा टम्म फुगला होता. बरोबर घोटणवाडीचा वाटाड्या सोमा धादवड होता आणि त्याची बायको सखू. सोमा पंचेचाळिशीचा, अनवाणी, डोक्यावर गवताचा भारा घेऊन ही नाळ उतरणारा.

तिचा पाय बघून सोमा म्हणाला होता, "ताई, तुमच्यानं न्हाई व्हायाचं. तुमी सखूसंगं गुरांच्या वाटेनं या. मी नाळ बघून येतो. मी बघितली म्हंजी तुमी बघितली."

आणि त्यात चुकीचं काय होतं? मंडळाची रीतच ती. चाळीस वर्षं असंच चालत आलेलं. अवघड जागा वाटाड्या बघून येणार, 'वाट नीट हाय' म्हणणार, आणि अहवाल लीडरच्या नावाने लिहिला जाणार. लीडरही खोटं लिहीत नसत. वाटाड्याच्या पायांवर त्यांचा स्वतःच्या पायांहून जास्त विश्वास असे. रेवतीने दोन्ही पट्ट्या सोडल्या आणि सोमाच्या घोट्यांना बांधल्या. वाट तर खरी आहे ना, मग पाय कुणाचे का असेनात, असं तिला वाटलं. कागदाला पाय कुणाचे ते कळत नसे. हा नकाशा पायांचाच होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

बरं, चाल वेगळी पडली हे नकाशाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण शहाण्याने आपल्या परीने अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी रेवतीच्या फोनवर निरोप आला, 'तुमची चाल पंधरा वर्षांनी तरुण झाली आहे. अभिनंदन!' त्याच वेळी तिने खरं सांगायला हवं होतं. पण शिरीष शेजारीच बसला होता, त्याने वाचलं, आणि म्हणाला, "काय सांगतेस? नाळ उतरलीस? तू?" त्या 'तू'मध्ये इतकं कौतुक होतं, की रेवतीच्या तोंडून 'हो' निघून गेलं. दोन शब्दांचं खोटं असतं तर सुधारताही आलं असतं. एका अक्षराचं कुठून उसवायचं ते कळेना. दुसऱ्या दिवशी शिरीषने माळ्यावरून दोन वर्षं न घातलेले बूट काढून पुसायला घेतले. रेवतीला वाटलं, तो आपल्या आनंदात आनंद मानतोय.

"अनुजा," ती आता उभी राहून म्हणाली, "ती वाट बंद कर. लगेच."

"का, ताई?"

हॉलमध्ये वीस-बावीस माणसं होती. बहुतेकांना तिने कधी ना कधी डोंगर दाखवला होता. एवढ्या लोकांसमोर बोलायची तिच्यावर पाळी आली, आणि ती बोलली. "तो माग माझा नाही. सोमा धादवडचा आहे. मी गुरांच्या वाटेने उतरले."

खुर्च्या तेवढ्या करकरल्या.

अनुजाचा रंग उतरला, पण ती कामाची मुलगी होती. तिने आधी मुख्य कार्यालयाला फोन लावला. दोन मिनिटं बोलून ती म्हणाली, "हाताने वाट बंद करायला दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. हॉटेलवाले एकमेकांच्या वाटा बंद करायचे, म्हणून हा नियम. सहा तास तरी जातील."

शिरीषला फोन लागत नव्हता. माथ्यावर रेंज कधीच नव्हती. पट्ट्या उपग्रहाशी बोलायच्या, पण त्यांना फक्त डावं, उजवं आणि गप्प एवढंच समजायचं.

"ठिपके आत्ता कुठे आहेत?"

"ते दर पंचवीस मिनिटांनी कळतं. दहा वाजून पाच मिनिटांनी देवळापाशी होते." घड्याळात दहा वीस झाले होते. "पुढचं साडेदहाला."

रेवतीने घोटणवाडीच्या शाळेतल्या गुरुजींना फोन लावला. गावात शाळेपाशी रेंज यायची. "गुरुजी, सोमाला गाठा. दोर घेऊन खालून नाळेत चढायला सांगा. माझी माणसं उतरतायत."

"घुबडनाळंत? ही म्हातारी मंडळी?" गुरुजी ओरडलेच. "बाई, कालच्या पावसानं नाळ शेवाळलीये सगळी. थांबा, तो गुरांमागं गेलाय, बोलावतो."

सोमा वर पोचायला निदान तास-सव्वा तास. रेवतीने फोन ठेवला आणि अनुजाला विचारलं, "मीच माझा माग मागे घेतला तर?"

"ते लगेच होतं. पण ताई..." अनुजा अडखळली. "आपला माग खोटा होता असं कुणी स्वतः कबूल केलं, की त्या माणसाचा भरवसा शून्य होतो. मग त्याचे सगळेच माग बाजूला ठेवतात, बहात्तर तास, तपासणी होईपर्यंत. त्या डोंगरावर चढायची वाट, देवळाची वाट, गुरांची वाट, सगळं तुमच्याच जुन्या मागांवर उभं आहे. एक नाळ नाही जाणार. अख्खा डोंगरच कोरा होईल."

वाघचौरे सरांनी चष्मा काढला. गणिताच्या माणसाला हिशोब आधी दिसतो. "म्हणजे ते नाळेच्या तोंडाशी असतील, तर पट्ट्या गप्प होतील, ते थांबतील आणि फिरतील. पण ते टप्प्याच्या खाली गेले असतील..."

"तर त्यांना वर येता येणार नाही," रेवती म्हणाली, "आणि खाली पाय कुठे टाकायचा तेही कुणी सांगणार नाही."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर तो त्यांना सोमाच्या पावलावर पाऊल टाकायला लावील. अनवाणी सोमाच्या. कोरड्या दिवशीच्या."

पंचवीस वर्षांपूर्वी एका गाभण म्हशीच्या अडलेल्या वेतात रेवती रात्रभर हात खांद्यापर्यंत घालून बसली होती, तेव्हाही तिने घड्याळाकडे इतक्यांदा बघितलं नव्हतं. साडेदहाची वाट बघायची का? पाच मिनिटं. पाच मिनिटांत माणूस टप्पा उतरून जातो.

"नकाशाचा अंदाज काय?"

अनुजाने बघितलं. "काकांच्या आजच्या चालीवरून दहा बावीसलाच नाळेच्या तोंडाशी पोचले असतील."

रेवतीने डोळे मिटले. बत्तीस वर्षांचा संसार. हा माणूस उतरायच्या आधी कधी घाई करत नाही. बसतो, डबा काढतो, घडीची पोळी आणि लसणाची चटणी खातो, सगळ्यांना एकेक घास देतो, मग रुमालाला हात पुसून म्हणतो, 'हं, चला आता.' यात वीस मिनिटं तरी मोडतात. त्याचं काळीज कसं धडधडतं ते नकाशाला ठाऊक असेल. तो डबा कधी उघडतो ते कुठल्या पट्टीला कळणार? तो अजून देवळापाशीच बसलेला असणार. असायलाच हवा.

तिने फोनवर तो माग उघडला आणि 'मागे घ्या' दाबलं. तीन प्रश्न आले. हा माग तुमचा नाही का? नाही. कोणाचा आहे? तिने लिहिलं, सोमा बाळू धादवड, घोटणवाडी. तुमच्या नावाने का नोंदवला? तिने आधी लिहिलं, 'आमच्याकडे अशीच रीत आहे.' मग ते खोडलं आणि लिहिलं, 'माझे गुडघे गेले आहेत.' शेवटचं बटण दाबलं तेव्हा दहा अठ्ठावीस झाले होते.

पडद्यावरचा घोटणवाडीचा डोंगर करडा झाला. मग शेजारचा. मग ओढ्यापलीकडचा. अठ्ठावीस वर्षं नोकरीत तुडवलेल्या आणि नंतर पट्ट्या बांधून पुन्हा चाललेल्या तिच्या एक्केचाळीस वाटा एकेक करून विझत गेल्या. नजर काढून घ्यावीशी वाटत होती, पण ती बघत राहिली. कुणीतरी मागून म्हणालं, "सर, घाटातल्या आपल्या सायकलवाल्यांची पण वाट गेली."

"ती डांबरी आहे," वाघचौरे सर खेकसले. "ती काय पळून जाते?"

साडेदहाला ठिपके हलले. करड्या पडद्यावर नऊ ठिपके, खाली ना रेघ ना रंग. सहा नाळेच्या तोंडाशी होते. तीन आत होते. आतल्या तिघांत सगळ्यांत पुढचा शिरीष.

त्याने डबा उघडलाच नव्हता.

अनुजा आकडे वाचत राहिली. तिचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा बारीक झाला होता. "तिघांचीही नाडी चालू आहे. काकांची एकशे बेचाळीस. एक पट्टी मात्र जोरात आपटली आहे. गटातल्या पानसरेकाकूंची."

नकाशा बरोबर होता आणि बायको चुकली होती. रेवतीच्या मनाला हे जितकं लागलं तितकी भर सभेतली नाचक्की लागली नाही. एकच गोष्ट मनात भिरभिरत होती. तो का धावला? त्याला कुणी धावायला सांगितलं होतं?

वाघचौरे सरांनी जीप काढली. घोटणवाडी तासाभराच्या अंतरावर. अनुजा मागच्या बाकावर बसून दर पंचवीस मिनिटांनी सांगत होती. दहा पंचावन्न, वरचे सहा मागे फिरले, देवळाकडे निघाले. शिकवलेलं विसरले नव्हते बिचारे. अकरा वीस, आतले तिघे जागेवरच, हललेले नाहीत. टप्प्याखाली, म्हणजे सगळ्यांत वाईट जागी. अकरा पंचेचाळीस, काकांची नाडी एकशे दहा. "उतरतेय, ताई. बसलेत वाटतं."

"की पडलेत?"

पट्टीला बसणं आणि पडून राहणं यातला फरक नेहमीच कळत नसे, आणि हे तिने सकाळी कुणाला सांगितलं नव्हतं.

वाडीच्या वर, नाळ जिथे शेतात उतरते तिथे सखू उभी होती. सोबत गुरुजी आणि वाडीतले चौघे; आणखी दोघं वरच्या सहांना आणायला गुरांच्या वाटेने गेले होते. "गेल्यात वर," सखू म्हणाली. "दोर घिऊन गेल्यात. आता बोंब मारली त्यांनी वरून, दोनदा. दोनदा म्हंजी समदी जिती हायेत."

रेवती मटकन बांधावर बसली आणि हमसून हमसून रडली. सखूने तिला पाणी दिलं. रडू नका असं ती म्हणाली नाही, नुसती शेजारी टेकली.

दीड वाजता माणसं दिसू लागली. पुढे सोमा, पाठीवर पानसरेकाकू. त्यांचा मनगटाजवळ मोडलेला हात पंच्याने गळ्यात बांधलेला. मागे दोराला धरून मंडळाचे खजिनदार कुलथे. सर्वांत शेवटी शिरीष. पँट गुडघ्यावर फाटलेली, दोन्ही तळवे सोललेले. तो एकेक पाऊल टाकत होता आणि दर पावलाला थांबत होता.

सोमाने काकूंना जीपमध्ये बसवलं आणि मग रेवतीसमोर येऊन उभा राहिला. "ताई, साहेबांनी श्यानपना केला. पट्ट्या गप झाल्यावर दोघास्नी धरून बसवलं, एक पाऊल टाकू दिलं न्हाई. अजून चार हात गेले असते तर खालचा कडा हुता."

"सोमा, तुझं चालणं मी माझ्या नावावर चढवलं. त्याचं हे झालं."

सोमाला ते फारसं नवं वाटलं नाही. "नावाचं काय, ताई. माज्या बापानं बी लई सायबांच्या नावानं डोंगर बघितला." तो दोर गुंडाळायला लागला. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "पर एकदा इचारायचं हुतं मला. मी सांगितलं असतं, माज्या पायानं म्हातारी मानसं धाडू नका."

तिने मान खाली घातली. अनुजा बाजूला उभी राहून हे ऐकत होती. तिने वही काढली, काय लिहावं ते तिला सुचलं नाही, आणि तिने ती पुन्हा पिशवीत ठेवली. वाघचौरे सर काकूंना घेऊन दवाखान्याकडे गेले.

शिरीष बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता. रेवती त्याच्याजवळ गेली. जवळ गेल्यावर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"डबा का नाही उघडलात?" तिने विचारलं. विचारल्यावर तिलाच वाटलं, हा काय प्रश्न झाला.

"अडतीस मिनिटं," तो म्हणाला. "तुला अडतीस लागली होती ना? म्हटलं, आपल्याला पन्नास लागू देत. डबा खाल्ला असता तर पोट जड झालं असतं." तो तळव्यावरचा मुरूम निपटत होता. "दोन वर्षं झाली, रेवती. स्टेंट बसले, डॉक्टर म्हणाले जपून, आणि मी जपून जपून घरात बसलो. तू डोंगरावर जायचीस, मी गेटपर्यंत यायचो. वाटायचं, आपलं झालं. हिचं चालू आहे, आपलं संपलं. मग तो निरोप आला. तुझ्या वयाला, तुझ्या गुडघ्यांना जर नाळ जमते, तर म्हटलं..."

रेवतीला उभं राहवेना. पण सांगितल्याशिवाय बसायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"मी नाळ उतरले नाही. सोमा उतरला. मी गुरांच्या वाटेने आले, सखूचा हात धरून. साडेतीन तास लागले. सात वेळा बसले. शेवटच्या उतारावर बूड टेकून घसरत आले, लहान पोरासारखी. सखूला सांगितलं, कुणाला सांगू नकोस. तुम्हाला खोटं बोलले. माझ्यामुळे तुम्ही मेला असता."

शिरीषने नाळेकडे बघितलं. तो ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुझेही गेलेले आहेत," तो म्हणाला.

"दोन्ही गेलेत. उजवा जास्त."

"आणि तीन आठवडे तू माझ्यासमोर जिना चढत होतीस."

"तुम्ही बघत असलात की चढत होते."

त्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला, आणि डोळे भरून आले. "मी मेलो असतो त्याचा राग येतोय मला," तो म्हणाला. "खूप येतोय. तो आज उद्या जायचा नाही. पण त्याहून जास्त कशाचा येतोय माहीत आहे? दोन वर्षं मला वाटत होतं, या घरात म्हातारा मी एकटाच झालोय."

तो थोडा सरकला आणि बांधावर जागा केली. तिचा उजवा गुडघा वाकेना. तो सरळ ठेवून, त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकून, कण्हत कण्हत ती त्याच्या शेजारी बसली. आणि कण्हणं तिने लपवलं नाही.